बाटलीवर १२५ आहे की २५०?

निरगाठ । ९ जुलै २०२५, सकाळी ५:५२

आषाढीच्या आदल्या दिवशी धाकट्याच्या शाळेची दिंडी होती. धोतर, टोपी, गळ्यात टाळ आणि वरून ठाण्याचा पाऊस. पाच वर्षांचा वारकरी चिंब होऊन घरी आला आणि रात्री दोनला तापाने फणफणला.

घरात पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या. एक जुनी, तो लहान असतानाची, १२५ची. दुसरी नवी, २५०ची. दोन्हींचा रंग एक, झाकण एक, लेबलही सारखंच. डॉक्टरांनी २५०चं पाच मिली सांगितलेलं. मी दिवा लावून बाटली हातात घेतली तर लेबलवर नुसत्या मुंग्या. लांब धरली. आणखी लांब धरली. मोबाईलचा टॉर्च मारला तर लेबल चकाकलं आणि होतं नव्हतं तेही गेलं. नवऱ्याला उठवलं. त्याने चष्मा चढवला, बाटली जवळ नेली, लांब नेली आणि म्हणाला, "एकशे... पन्नास?" दीडशेचं औषध आमच्या घरात कधी आलंच नव्हतं.

शेवटी लेकीला हलवलं. वय ११. तिने एकच डोळा उघडून दोन्ही बाटल्या पाहिल्या, "ही अडीचशे" म्हणाली आणि कुशीवर वळली. सकाळी बघते तर त्या बाटलीवर तिने मार्करने हे एवढं मोठं '२५०' लिहून खाली दोन रेघा मारून ठेवलेल्या. आपण आजीच्या गोळ्यांच्या डबीवर 'सकाळ' आणि 'रात्र' लिहितो ना, अगदी तसं.

पोराचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. माझ्या डोक्यातून मात्र ते २५० जाईना.

मी ४४ची, खुणा आधीही होत्याच म्हणा. लेक दर रविवारी माझे पांढरे केस उपटते. एका केसाला एक रुपया असा दर ठरलाय आणि मार्चपासून तिने १३८ रुपये जमवलेत. मांडी मोडून उठताना 'आई गं' आपोआप निघतं. बोलताना नाव आठवत नाही म्हणून 'ते आपलं हे' दिवसातून वीसदा होतं. हे सगळं मी हसण्यावारी नेत होते.

आता मूळ दुखणं. मी लिहायचे. २००६ ते २०१३ मध्ये पाच कथा दिवाळी अंकांतून आल्या. त्याच दरम्यान एक कादंबरी धरली. दोनशे पानी वहीत ११२ पानं झाली आणि २०१४ मध्ये लेक झाली. म्हटलं, जरा मोठी होऊ दे. ती जरा मोठी होतेय तोवर धाकटा. त्यानंतरचं माझं साहित्य असं: शाळेच्या स्नेहसंमेलनाची निवेदनं, 'माझा आवडता प्राणी' हा निबंध तीन वेळा (दोनदा हत्ती), सोसायटीच्या गणपतीतलं एक नाटुकलं आणि वर्गाच्या व्हॉट्सॅप गटावरचे विनम्र निषेध.

यंदा एका संपादकांचा फोन आला, ३१ जुलैपर्यंत कथा द्या. मी हो म्हणून बसले. पहाटे पाच ते सहा हा माझा तास, सहाला डबे सुरू. परवा त्या तासात जुनी वही काढली, एखादं प्रकरण कथा म्हणून उभं राहतंय का बघायला. आणि वाचता येईना. माझंच अक्षर! कागद वाचवायची खोड, त्यामुळे मी बारीक लिहायचे, दोन ओळींच्या मध्ये तिसरी.

रडू वगैरे आलं नाही, राग आला. अकरा वर्षं मी असं धरून चालले होते की कादंबरी ११२व्या पानावर थांबलीय आणि मीही तिच्याजवळच थांबलेय. मुलं मोठी झाली की वही उघडायची आणि पुढे लिहायला लागायचं. कादंबरी खरंच थांबलेली आहे. मी थांबलेली नव्हते, हे कुणी मला सांगितलंच नाही.

तुमचं काय चाललंय? चष्म्याचे सल्ले नकोत असं म्हणणार होते, पण तेही द्या.

फोडणीची_पोळी । ९ जुलै २०२५, सकाळी ९:२०

एकशे पन्नास! हसून हसून पुरेवाट. आमच्याकडे दोघांत एकच जवळचा चष्मा आहे. हॉटेलात मेन्यू आला की आधी हा वाचतो, मग मी. तोवर वेटर दोनदा येऊन जातो. परवा दोघांनीही चष्मा घरी विसरला तर आम्ही मिसळ मागवली, ती कुठेही असतेच.

डोळे चांगले आहेत गं, हात आखूड झालेत.

भिंगवाला । ९ जुलै २०२५, सकाळी ११:०५

सांगलीत २२ वर्षं चष्म्याचं दुकान आहे, म्हणून अधिकाराने बोलतो.

डोळ्यातलं भिंग लहानपणी मऊ असतं. जवळचं बघताना ते फुगीर होतं म्हणून स्पष्ट दिसतं. वयाबरोबर ते कडक होत जातं, मग स्नायूने कितीही जोर लावला तरी फुगत नाही. आणि हे चाळिशीत अचानक होत नाही, शाळेत असल्यापासून चालू असतं. तुमच्या लेकीला नाकासमोर सात-आठ सेंटीमीटरवरचं अक्षर दिसत असेल. तुमचं तेच अंतर आता २५च्या पुढे सरकलंय, आणि रात्री अपुऱ्या उजेडात, अर्धवट झोपेत ते आणखी वाढतं. मोबाईलमुळे झालं, टीव्हीमुळे झालं, यात अर्थ नाही. गाजर, त्राटक, डोळे फिरवणे यानेही हा नंबर जात नाही. गेला असता तर माझं दुकान कधीच बसलं असतं.

४४ला साधारण +१.२५ किंवा +१.५० निघतो. साठीपर्यंत +२.५०च्या आसपास जातो आणि तिथे स्थिरावतो. फुटपाथवरचा तयार चष्मा तात्पुरता वापरायला हरकत नाही, पण दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा नसेल किंवा सिलिंडर नंबर (आडव्या-उभ्या दिशेला वेगवेगळा) असेल तर डोकं दुखणार. आणि एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवाच. चाळिशीनंतर डोळ्यातला दाब तपासून घ्यायला हवा, काचबिंदू आधी कळत नाही.

तुमच्या मिस्टरांना मायनस नंबर आहे का? असेल तर त्यांनी चष्मा चढवायला नको होता, काढायला हवा होता. मायनस अडीचवाला चाळिशीनंतर चष्मा काढून हातभर अंतरावरचं आरामात वाचतो.

निरगाठ । ९ जुलै २०२५, दुपारी १:४०

मायनस पावणेतीन! आत्ता फोन करून सांगितलं. चष्मा काढून ऑफिसातली कुठलीशी पावती वाचली म्हणे आणि मला उलट फोन करून नंबर वाचून दाखवला. रात्री दोनला ही विद्या असती तर पोरीची झोप मोडली नसती.

अनवाणी_वाट । ९ जुलै २०२५, दुपारी ३:१५

वय हा फक्त आकडा असतो. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र कितव्या वर्षी लिहिलं ते आठवा! मनात उमेद हवी, बाकी सगळं आपोआप होतं. पुलेशु (पुढच्या लेखनाला शुभेच्छा).

कोळशाची_वखार । ९ जुलै २०२५, दुपारी ४:०२

हे उदाहरण दर वेळी येतं आणि दर वेळी अर्धंच येतं. बाईंचा जन्म १८६८चा, पहिला भाग १९३४चा, म्हणजे ६६, इथवर बरोबर. पण त्या काही ६६व्या वर्षी पहिल्यांदा कोऱ्या कागदासमोर बसल्या नव्हत्या. त्याच्या कितीतरी आधीपासून कविता करत होत्या. १९१९ मध्ये त्यांचे पती ना. वा. टिळक गेले, त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अर्धवट राहिलं होतं, ते बाईंनी हाती घेऊन पुढे नेलं. हात चालू होता, म्हणून ६६ला तो वळला. उमेदीने आपोआप झालं म्हणणं म्हणजे बाईंच्या कष्टांवर पाणी ओतणं आहे.

निरगाठ यांचं दुखणं वेगळं आहे. त्यांचा हात अकरा वर्षं बंद आहे. हे लागेल, पण त्यांनीच विचारलंय.

निरगाठ । ९ जुलै २०२५, दुपारी ४:३०

लागलं. पण धन्यवाद. 'बाकी आपोआप होतं' यापेक्षा बरंच कामाचं आहे.

ओली_शाई । ९ जुलै २०२५, रात्री ११:४८

न्यू जर्सीहून. वय ४७, तबला. मुलगा ९ वर्षांचा. रोज रात्री तो झोपल्यावर गॅरेजमध्ये तबल्यावर पंचा टाकून तासभर हात फिरवायचा, हा माझा रियाज. स्टेजवर वर्षातून तीन-चारदा, मंडळाच्या गणपतीत आणि कुणा पाहुण्या गायकाच्या साथीला.

दोन वर्षांपूर्वी डावा खांदा धरला. आधी वाटलं पोराला उचलताना लचकला असेल. मग हळूहळू हात मागच्या खिशापर्यंत जाईना. सलवारीची नाडी बांधायला बायकोला हाक मारावी लागली, कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी, विंगेत. फ्रोझन शोल्डर. डॉक्टरने खांद्याआधी साखरेचं विचारलं. मी म्हटलं मला डायबेटीस नाही. तपासलं तर होता. मधुमेह असलेल्यांना हे जास्त होतं, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे खांदा निमित्त, शरीर दुसरंच काहीतरी सांगत होतं. सुटायला १४ महिने लागले आणि अजूनही शेवटचे दोन-चार अंश हात वर जात नाही.

तबल्यात डावा म्हणजे डग्गा. बोटं ठीक होती, पण मनगट दाबून पुढे सरकवत मींड काढायची तर त्यामागे खांदा लागतो, हे वीस वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. घुमारा निघेना. मग मी कमी वाजवायला लागलो, ठेका साधा ठेवायचा, भरणा नाही. आणि गंमत बघा, गेल्या कार्यक्रमानंतर तीन जण येऊन म्हणाले, "वा, आता वाजवण्यात ठहराव आलाय." ठहराव कसला डोंबलाचा! हात दुखत होता म्हणून गप्प बसलो होतो.

तिरफळ । १० जुलै २०२५, सकाळी ७:३५

ओली_शाई, ठहरावावर मोठ्याने हसले, घरचे बघायला आले.

मी फोंड्याची. ५१. नाट्यगीतं आणि भजनं गाते. देवळात, वाड्यावर, दोनदा आकाशवाणीवर. आज गुरुपौर्णिमा, माझ्या गाण्याच्या बाईंच्या घरी जायची तयारी चालू आहे म्हणून हे आठवलं. वीस वर्षं माझी पट्टी, म्हणजे गायचा मूळ सूर, काळी चार. पेटीवाला मला विचारायचाही नाही, थेट चारवर बोट ठेवायचा. ४६-४७ला तार षड्जावर आवाज थरथरायला लागला. मला वाटलं रियाज कमी पडतोय, वाढवला. आणखी बिघडला. रात्री घामाने जाग, चिडचिड, मधूनच छाती धडधडायची. मी थायरॉइडपासून हृदयापर्यंत सगळं तपासून आले. शेवटी बाईडॉक्टरने विचारलं, पाळीचं काय चाललंय? तोपर्यंत एकानेही विचारलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. पाळी जाताना स्वरपट्ट्या जाडसर होतात, आवाज खाली उतरतो. एवढं साधं. चाळीस वर्षं गाणाऱ्या आमच्या बायका हे एकमेकींना का सांगत नाहीत देव जाणे. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "अगो, सगळ्यांचं होता. त्यात सांगण्यासारखा काय?"

आता मी काळी तीनवर गाते. लेक सोळाची, ती काळी पाच. लहानपणापासून आम्ही दोघी एकाच तंबोऱ्यावर सकाळी बसायचो, तिला माझ्या पट्टीत ओढून. आता मोबाईलवर दोन तंबोरे, दोन खोल्यांत. दार उघडं राहिलं तर दोन्ही षड्ज एकमेकांत घुसतात आणि कुत्रा उठून बाहेर जातो.

पेन्सिलीचं_टोक । १० जुलै २०२५, सकाळी १०:१२

कोल्हापूर. शाळेत चित्रकला शिकवतो, स्वतःचं काम जलरंगात आणि तैलरंगात. ४५. धागा बायकांचा होतोय म्हणून लिहितो, पुरुषांचंही हेच आहे हो. शाळा, दोन मुलं, गृहकर्ज. रविवारी रंकाळ्यावर स्केचिंगला जायचो ते चार वर्षांत बंद. प्रदर्शन भरवायचं तर चाळीस कामं लागतात, माझ्याकडे अकरा आहेत.

भिंगवाला, एक प्रश्न. प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर) घेतला आहे. समोर बोर्ड लावून उभ्याने काम करताना हनुवटी वर करून बघावं लागतं. मान आखडते. पॅलेटकडे बघितलं की नीट, चित्राकडे बघितलं की धूसर.

अर्धा_कप । १० जुलै २०२५, सकाळी १०:५०

@पेन्सिलीचं_टोक, रविवारी रंकाळा बंद झाला म्हणजे रविवारी तुम्ही काय करता? सहज विचारतेय. आणि तुमच्या घरात रात्री दोनला औषधाची बाटली कोण वाचतं?

पेन्सिलीचं_टोक । १० जुलै २०२५, दुपारी १२:३०

बायको. मान्य आहे. पण रविवारी मी मुलांना क्लासला सोडतो, आणतो, किराणा आणतो. त्याचं पण वजन असतं.

अर्धा_कप । १० जुलै २०२५, दुपारी १२:४१

असतं ना. क्लासबाहेर दीड तास थांबताना स्केचबुक नेता येतं तुम्हाला. बाटली वाचणारीला काय नेता येतं?

पेन्सिलीचं_टोक । १० जुलै २०२५, दुपारी १:१५

तो दीड तास मी मोबाईलवर घालवतो, खरं तर. हे आत्ता लिहितानाच लक्षात आलं. बोला आता.

भिंगवाला । १० जुलै २०२५, दुपारी २:२०

भांडण मिटलं असेल तर उत्तर देतो. प्रोग्रेसिव्हमध्ये वर लांबचं, खाली जवळचं आणि मधे एक अरुंद पट्टा. तुमचा बोर्ड ६०-७० सेंटीमीटरवर, म्हणजे नेमका त्या पट्ट्यात, म्हणून मान वर करून तो पट्टा शोधताय. कामासाठी वेगळा साधा एकाच नंबरचा चष्मा करा, त्याच अंतराचा. टेप घेऊन डोळ्यापासून कागदापर्यंत मोजा आणि तो आकडा दुकानदाराला सांगा. वादक, शिंपी, सोनार सगळ्यांना मी हेच करून देतो. आणि दिवा वाढवा. वयाबरोबर बाहुली लहान राहते, त्याच खोलीत तुम्हाला पूर्वीपेक्षा जास्त उजेड लागतो. पुढे भिंग पिवळसरही होत जातं, निळ्या छटा मंद दिसतात. पण ते नंतर, आत्ताच घाबरू नका.

(खाजगीत दोघांनी जवळचं दिसण्यासाठी डोळ्यांत घालायच्या थेंबांबद्दल विचारलंय. पायलोकार्पिनच्या थेंबांना अमेरिकेत २०२१ मध्ये मंजुरी मिळाली, हे खरं. बाहुली आकसते, सुईच्या भोकातून बघितल्यासारखं जवळचं स्पष्ट दिसतं, काही तास. मग उतरतं. काहींचं कपाळ दुखतं, अंधारात कमी दिसतं. स्वतःच्या मनाने घालू नका.)

लाजाळूचं_झाड । १० जुलै २०२५, सायंकाळी ६:०५

अवांतर: पांढऱ्या केसांना कुणी काय लावतं? मेंदी लावली की माझे भगवे होतात.

फोडणीची_पोळी । १० जुलै २०२५, सायंकाळी ६:३०

लोखंडी कढईत रात्रभर भिजव. चहाचं गडद पाणी, आवळा पावडर, चमचाभर कात. तरी थोडं भगवं होणारच. काळी मेंदी म्हणून जी पुडी मिळते तिच्यात बहुतेक वेळा रसायनच असतं, आधी कानामागे लावून बघ. माझ्या जावेचं कपाळ सुजलं होतं, लग्नाच्या आदल्या दिवशी. फोटोत ती सगळीकडे मागे आहे.

उन्हातली_खुर्ची । ११ जुलै २०२५, दुपारी ३:३०

निरगाठ, मी नाशिकची, वय ७१. निवृत्त शिक्षिका. दोन्ही मुली परदेशी. तुला 'बाळा' म्हणणार नाही, ४४ची आहेस.

मुलं मोठी झाली की वेळ मिळतो, हे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. मुलं मोठी झाली तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्या गेल्या तर मुलींची बाळंतपणं, एक तिकडे, एक इकडे. मग ह्यांची बायपास. मला खरा वेळ मिळाला तो ६८ला. आता दुपारी दोन ते पाच घरात चिटपाखरू नसतं. डोळेही छान आहेत, दोन्ही मोतीबिंदू काढून घेतले. पट्टी काढल्यावर घरी आले तर आधी भिंतीवरची जळमटं दिसली आणि मग आरशात मी. इतक्या सुरकुत्या आहेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी बोलायचं. ते म्हणाले, मलाही मोतीबिंदू होता.

मी कविता करायची, वर्गात मुलं पेपर सोडवत असताना, उत्तरपत्रिकेच्या पुरवणीवर. पर्यवेक्षक म्हणून फेऱ्या मारताना ओळ सुचायची आणि घंटा व्हायच्या आत उतरवायची असायची. आता समोर तीन तास, कोरी वही, चांगलं पेन. बसते आणि काही लिहावंसं वाटत नाही. दुःख नाही गं, आळसही नाही. घंटा होणार नाहीये ना, म्हणून. मी क्रोशाचे रुमाल विणते, पस्तीस झाले. कुणाला हवे असतील तर सांगा.

तुझा तो पाच ते सहाचा तास आहे, सहाला डबे आहेत, हे मला चांगलं वाटलं. एवढंच सांगायचं होतं.

निरगाठ । ११ जुलै २०२५, दुपारी ४:१०

काकू, तीनदा वाचलं. मोतीबिंदूच्या वाक्याला बँकेच्या काउंटरवर खो-खो हसले, समोरच्या आजोबांना वाटलं त्यांच्या सहीला हसतेय. रुमाल मला हवाय.

एकोणतिसावं_पान । ११ जुलै २०२५, रात्री १०:२५

मी वाचनमात्र होते. २९ वर्षांची आहे, सातवा महिना चालू आहे. एकांकिका लिहिते, कॉलेजात असताना स्पर्धांसाठी लिहायचे, आता दोन हौशी गटांसाठी. धागा वाचून पोटात गोळा आला (आधीच एक आहे). मग काय करायचं, येत्या दोन महिन्यांत सगळं लिहून ठेवायचं का?

निरगाठ । १२ जुलै २०२५, सकाळी ५:३५

अगं नाही. मी हे घाबरवायला लिहिलं नव्हतं. दोन महिन्यांत फक्त झोप काढ, ती नंतर मिळत नाही. मी एकच चूक सांगते. बाळ झाल्यावर मी 'आता थांबते' असं जाहीर केलं होतं, स्वतःला आणि सगळ्यांना. त्यामुळे कुणी विचारेनासं झालं आणि मीही. दोन ओळी लिहिल्या असत्या महिन्याला, किराण्याच्या यादीखाली, तरी लोक विचारत राहिले असते.

आणि अक्षर मोठं काढ!

कोळशाची_वखार । १२ जुलै २०२५, सकाळी ९:००

निरगाठ, ३१ तारखेचं काय?

निरगाठ । २६ जुलै २०२५, रात्री ९:४०

उशिराने कळवतेय. चष्मा झाला. दोन्ही +१.५०, उजव्याला थोडा सिलिंडर, म्हणजे भिंगवाल्यांचा फुटपाथचा इशारा खरा ठरला. दाब ठीक आहे. दुकानातच समोरचं छापील कार्ड वाचलं, सगळ्यात खालच्या ओळीपर्यंत, आणि त्या मुलाने "बास मॅडम" म्हटलं तरी वाचत राहिले.

कथा देत नाही आहे. संपादकांना गुरुवारी फोन करून सांगितलं. ते म्हणाले पुढच्या वर्षी, मी म्हटलं पुढच्या वर्षीचं आत्ताच लिहून ठेवा. हसले. लिहिलं की नाही माहीत नाही.

पण एक चालू झालंय. चष्मा यायला आठवडा होता आणि पहाटेचा तास रिकामा जात होता, तेव्हा लेक एकदा लवकर उठली. म्हटलं, ये, मला हे वाचून दाखव, मी टाइप करते. ती वहीजवळ बसली आणि शाळेत धडा वाचतात तशी खणखणीत वाचायला लागली. अक्षर तिला दिसतं. लागतंही, माझ्यापेक्षा बरं. 'ळ' आणि 'क' मी सारखेच काढते, ती न अडता ओळखते. चष्मा आल्यावरही तीच वाचतेय, मी नुसती टाइप करते.

आणि एक गोष्ट मी विसरले होते. त्या कादंबरीतली बाई नवव्या पानावर घर सोडते. चार वर्षांची मुलगी झोपलेली असते, ती तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करते आणि जाते. हे मी २०१२ मध्ये लिहिलंय, मूल नव्हतं तेव्हा. साडेतीन ओळींत उरकलंय. मला तेव्हा ते धाडसी वगैरे वाटलं असणार.

लेकीने ते वाचलं आणि थांबली. मी टाइप करत होते, मान वर केली नाही.

"आई, हिला ती मुलगी आवडत नाही का?"

"आवडते."

"मग?"

मी म्हटलं, मला अजून माहीत नाही. ती म्हणाली, "एवढ्या पटकन कोण जातं? निदान पाण्याची बाटली तरी भरून ठेवेल." आणि पुढे वाचायला लागली.

ती साडेतीन ओळींची जागा मी गेले पाच दिवस लिहितेय. पाण्याची बाटली, दाराची कडी, डब्यात उरलेली पोळी, चपला कुठल्या घालायच्या ते. सहा पानं झालीत आणि बाई अजून उंबरठ्याच्या आतच आहे.

तिरफळ । २६ जुलै २०२५, रात्री १०:१५

बाटली भरून ठेवेल! पोरीला माझ्याकडून दहा रुपये.

उन्हातली_खुर्ची । २७ जुलै २०२५, सकाळी ८:२०

रुमाल कुरिअरला दिला आहे. एक तुझ्या लेकीलाही टाकलाय, निळा.

ओली_शाई । २७ जुलै २०२५, रात्री ८:०५

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). आता कितव्या पानावर आहात? आणि बाई जाते की नाही?

निरगाठ । २८ जुलै २०२५, सकाळी ५:४८

वहीच्या चौतिसाव्या पानावर. बाईचं अजून ठरलेलं नाही. वाचणारीने मात्र काल दर सांगितला, एका पानाला पाच रुपये. मी म्हटलं केसाला एक आणि पानाला पाच? तर म्हणते, केस मोठे दिसतात.